पेट्रोलचा आकडा आणि इंजिनाची गरज

जबलपूर शहराचा मोटारींशी असलेला संबंध जुना आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली स्थापन झाली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘शक्तिमान’ हा सैन्याचा ट्रक जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने याच शहरात तयार होऊ लागला. पुढे १९६९ साली स्थापन झालेल्या व्हेईकल फॅक्टरीने ते काम हाती घेतले. निसान कंपनीच्या नमुन्यावर येथे बांधल्या गेलेल्या ‘जोंगा’ या गाडीच्या नावात तर जबलपूरच दडलेले आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव बनले. इंजिन कसे चालते, ते का बिघडते आणि त्यास काय मानवते, हे ज्ञान ज्या नगरीत घरोघरी पोचले असावे अशी अपेक्षा करावी, त्या नगरीतही पेट्रोलच्या पंपावर एक साधा प्रश्न माणसास क्षणभर थांबवितो. एका नळीतून साधे पेट्रोल मिळते; शेजारच्या नळीतून मिळणारे ‘प्रीमियम’ पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी महाग असते. रांझीहून कारखान्यात जाणारा कामगार, उच्च न्यायालयात जाणारा वकील, सदर बाजारातील दुकानदार, या सर्वांनी ते जास्तीचे पैसे द्यावेत काय?

तांदूळ किंवा तूप घेताना जास्त किंमत म्हणजे बहुधा सरस माल, असा अनुभव असतो. त्यामुळे महाग पेट्रोल अधिक जोरकस असेल, त्याने गाडी अधिक धावेल आणि इंजिन दीर्घकाळ टिकेल, असे अनुमान सहज निघते. हे अनुमान कितपत खरे आहे हे ठरविण्यासाठी इंजिनाच्या आत काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

दट्ट्या, ठिणगी आणि खटखट

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर नावाची एक नळकांडी असते व तीत दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वरखाली सरकत असतो. दट्ट्या खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण आत घेतले जाते. तो वर येताना हे मिश्रण दाबले जाते. दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते, आणि तापून फुगलेले वायू दट्ट्यास जोराने खाली ढकलतात. याच ढकलण्यातून गाडीची चाके फिरतात.

मिश्रण मूळ आकारमानाच्या किती पट दाबले जाते, त्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. आजच्या सामान्य मोटारसायकलीत ते दहास एक या प्रमाणाच्या आसपास असते. म्हणजे दहा भाग जागेतील मिश्रण एका भागात कोंबले जाते. हे गुणोत्तर जितके अधिक, तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते. म्हणून इंजिनाच्या रचनाकारांचा ओढा नेहमी अधिक संपीडनाकडे राहिला आहे.

परंतु येथे निसर्ग एक अडथळा उभा करतो. सायकलच्या टायरात हवा भरताना पंपाची नळी तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. वायू दाबला की तो तापतो. सिलिंडरातील मिश्रणही दाबल्यामुळे तापते. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपाशी सुरू होऊन क्रमाक्रमाने पसरत जाते. ती पसरत असताना दूरच्या कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते आणि आणखी तापते. ते मर्यादेबाहेर तापले तर ज्योत तेथे पोचण्यापूर्वीच ते आपोआप आणि एकदम भडकते. त्यामुळे दाबाच्या लाटा उठून सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ही खटखट क्वचित व हलकी असेल तर तिने फारसे बिघडत नाही. पण ती जोरात आणि दीर्घकाळ चालली तर दट्ट्या व त्यावरील कडी यांची हानी होते आणि शक्तीही वाया जाते.

आकडा कोठून आला

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी संपीडन हवे तसे बदलता येईल असे एक इंजिन बांधले व निरनिराळी पेट्रोले किती संपीडनापर्यंत शांतपणे जळतात याची तुलना केली. एकाच नावाने विकली जाणारी पेट्रोले या बाबतीत परस्परांहून फार भिन्न होती. मग त्यांची मोजणी करण्यासाठी मापनाची पट्टी हवी होती. ती १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ग्रॅहॅम एडगर यांनी सुचविली.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यांपैकी ज्यांच्या रेणूंत कार्बनचे अणू सरळ साखळीत गुंफलेले असतात, ते उष्णतेने लवकर भडकतात. ज्यांच्या रेणूंना फांद्या फुटलेल्या असतात, ते अधिक तग धरतात. एडगर यांनी सरळ साखळीच्या हेप्टेनास शून्य आणि फांद्यायुक्त आयसो-ऑक्टेनास शंभर असे गुण दिले. एखादे पेट्रोल परीक्षेच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच तग धरत असेल, तर त्याचा ऑक्टेन अंक ९५. त्यात खरोखर ९५ भाग आयसो-ऑक्टेन असते असे मात्र नव्हे. ही परीक्षा आजही संपीडन बदलता येणाऱ्या एका सिलिंडराच्या प्रमाणित इंजिनावर घेतली जाते.

तेव्हा पंपावरील आकड्याचा अर्थ नेमका एवढाच आहे: हे पेट्रोल वेळेआधी भडकण्यास किती विरोध करते. त्यात किती उष्णता साठविली आहे, ते किती शुद्ध आहे किंवा त्याने गाडी किती धावेल, यांपैकी काहीही हा आकडा सांगत नाही.

हा अंक वाढविण्याच्या प्रयत्नाचा इतिहास गौरवाचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना असे आढळले की शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, अल्प प्रमाणात मिसळले तरी खटखट थांबते. हे संयुग विषारी होते. १९२४ साली अमेरिकेत ते तयार करणारे कामगार मरण पावले. तरीही अनेक दशके जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत मिसळत राहिले. मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे अपाय करते हे निर्विवाद सिद्ध झाल्यावर देशोदेशी त्यास बंदी झाली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. अल्जीरिया या अखेरच्या देशाने २०२१ साली मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे थांबविले. इंजिनाच्या सोयीसाठी दिलेली किंमत नेहमी पंपावरच्या पाटीवर लिहिलेली असतेच असे नाही, हा त्या इतिहासाचा धडा होय.

आकडा वाढला म्हणजे शक्ती वाढते काय?

अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलात अधिक शक्ती असते, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः एक लिटर साध्या पेट्रोलातील आणि एक लिटर प्रीमियम पेट्रोलातील उष्णता जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो इंजिनात. ज्या इंजिनाची रचना अधिक संपीडनासाठी केलेली आहे, त्यासच अधिक ऑक्टेनचा लाभ घेता येतो, इतरांना नाही.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागले व त्यांच्या मर्लिन इंजिनांची शक्ती लक्षणीय वाढली. परंतु केवळ टाकीतील इंधन बदलल्याने ती वाढली नाही. इंजिनात हवा दाबून भरण्याची मर्यादा वाढविण्यात आली, म्हणून ती वाढली. इंधनाने केवळ परवानगी दिली; काम इंजिनाच्या नव्या जुळणीने केले.

ऑक्टेन अंकाची तुलना चष्म्याच्या नंबराशी करणे योग्य ठरेल. ज्याच्या डोळ्यांना दोन नंबरचा चष्मा लागतो त्याने चार नंबरचा घातला म्हणून त्यास दुप्पट स्पष्ट दिसत नाही. योग्य नंबर महत्त्वाचा. मोठा नंबर नव्हे. इंजिनाचा नंबर त्याच्या निर्मात्याने ठरविलेला असतो आणि तो गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. अनेक गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाजवळही तो आढळतो.

प्रयोगांचा निष्कर्षही हाच आहे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१६ साली साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनविलेल्या गाड्यांत दोन्ही प्रकारची पेट्रोले वापरून पाहिली. शक्ती, इंधनाची बचत किंवा धुराची स्वच्छता, यांपैकी कशातही दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली नाही. पुढील वर्षी त्याच संस्थेने वेगळ्या गाड्या निवडल्या: ज्यांच्या निर्मात्यांनी प्रीमियम पेट्रोलची शिफारस केली होती, पण सक्ती केली नव्हती. या गाड्यांनी सरासरीने २.७ टक्के अधिक अंतर कापले व शक्ती १.४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ज्या इंजिनांना या पेट्रोलचा उपयोग करून घेता येतो, त्यांनाही मिळालेला लाभ माफक होता.

या लाभाचे कारण समजण्यासारखे आहे. नव्या मोटारींत खटखट ओळखणारे एक छोटे उपकरण बसविलेले असते. खटखट सुरू होताच ते ठिणगी किंचित उशिरा पाडण्याचा संकेत देते. त्यामुळे इंजिन वाचते, परंतु थोडी शक्ती कमी होते. अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलवर असे मागे येण्याचा प्रसंग कमी येतो. ज्या साध्या दुचाकींत असे उपकरणच नसते, त्यांच्या ठिणगीची वेळ टाकीत कोणते पेट्रोल आहे हे पाहून बदलत नाही. त्यांच्या इंजिनात साध्या पेट्रोलवर खटखट होत नसेल, तर प्रीमियम पेट्रोलला तेथे करण्यासारखे कामच उरत नाही.

महिन्याचा हिशेब

आता पैशांचा विचार करू. आकडेमोडीच्या सोयीसाठी साधे पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि ९५ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल १०८ रुपये असे धरले आहे. प्रत्यक्ष भाव बदलत असतात. परंतु महत्त्व आहे ते त्यांच्या प्रमाणास.

एखादा कामगार रोज ३० किलोमीटर मोटारसायकल चालवितो आणि महिन्यातून २५ दिवस कामावर जातो. महिन्याचे अंतर ७५० किलोमीटर झाले. त्याची गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल, तर महिन्यास १५ लिटर पेट्रोल लागेल. प्रीमियम पेट्रोल घेतल्यास त्यास महिन्यास १२० रुपये आणि वर्षास १,४४० रुपये जास्त पडतील. हा खर्च भरून निघण्यासाठी गाडीने लिटरला ५० ऐवजी ५४ किलोमीटर दिले पाहिजेत, म्हणजे ८ टक्के अधिक. योग्य इंजिनातही वरील प्रयोगात सरासरी वाढ २.७ टक्केच होती. तेवढी वाढ या गाडीस मिळाली असे मानले तरी ती ५१ किलोमीटरांच्या थोडी पुढे जाऊन थांबेल.

मोटारीचा हिशेब असाच आहे. महिन्यास १,००० किलोमीटर आणि लिटरला १६ किलोमीटर धरल्यास साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे ८ रुपयांप्रमाणे महिन्यास ५०० व वर्षास ६,००० रुपये जास्त होतात. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात या रकमेतून मुलांची वर्षाची पुस्तके येतात. डिसेंबर २०२० पासून भारतातील निवडक शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोलही मिळू लागले. त्याचा भाव साध्या पेट्रोलच्या सुमारे दीडपट असतो. तो खर्च भरून निघण्यासाठी ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीने ७५ किलोमीटर दिले पाहिजेत, आणि हे कोणत्याही इंजिनाच्या आवाक्यातले नाही.

इथेनॉलमुळे बदललेली परिस्थिती

भारतातील वाहनचालकांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट घडली आहे. पेट्रोलात इथेनॉल, म्हणजे ऊस, मका, तांदूळ इत्यादींपासून बनणारे अल्कोहोल, मिसळले जाऊ लागले. जून २०२२ मध्ये त्याचे प्रमाण देशात सरासरीने १० टक्क्यांवर पोचले व २०२५ साली २० टक्क्यांवर गेले.

इथेनॉलचे दोन गुणधर्म येथे ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की त्याचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक आहे. त्यामुळे ते मिसळल्यावर मिश्रणाचा अंक वाढतो. साध्या पेट्रोलचा अंक पूर्वी ८८ होता, नंतर तो ९१ करण्यात आला आणि २० टक्के इथेनॉलमुळे तो ९५ पर्यंत गेला आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ज्या ९५ या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मागितले जातात, तो साध्या नळीतूनही मिळू लागला आहे.

दुसरा गुणधर्म उलट दिशेचा आहे. एक लिटर पेट्रोलातून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉलातून सुमारे २१ मेगाज्यूल. यामुळे मिश्रणाच्या प्रत्येक लिटरात उष्णता थोडी कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यात, जुन्या पद्धतीने बनविलेल्या चारचाकींचे अंतर २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी व दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. नव्या मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्केच राहते. ‘पूर्वीइतके अंतर पडत नाही’ ही तक्रार म्हणून निराधार नाही. परंतु तिच्यावर उपाय म्हणून मोठ्या आकड्याचे पेट्रोल घेणे तर्कास धरून नाही. पंपावरचा आकडा ऑक्टेनचा असतो. त्यावरून इथेनॉलचे प्रमाणही कळत नाही आणि उष्णताही कळत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व जोड यांना इथेनॉल मानवत नसेल, तर ते भाग बदलणे हा खरा उपाय होय.

कोणास उपयोग, कोणास नाही

यावरून प्रीमियम पेट्रोल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ किंवा अधिक ऑक्टेन आवश्यक असल्याचे लिहिले आहे, त्या गाडीत तेच वापरले पाहिजे. तेथे काटकसर करणे महागात पडते. टर्बोचार्जर असलेली व अधिक संपीडनाची शक्तिमान इंजिने या वर्गात येतात. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षे काजळी साठून संपीडन वाढलेले असते; अशा इंजिनात चढावर खटखट होत असेल, तर अधिक ऑक्टेनने ती तात्पुरती थांबते. पण काजळी साफ करणे हाच तिच्यावरचा कायमचा इलाज आहे.

हवामानाचाही विचार करावा. उष्ण हवा आत घेणारे इंजिन लवकर खटखटते. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही शक्यता वाढते. उलट, उंचीवर हवा विरळ असल्याने सिलिंडरातील दाब कमी होतो व इंजिनाची ऑक्टेनची गरजही घटते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंच आहे. अमरकंटक तर हजार मीटरांहून उंच आहे. त्या घाटातील चढाव इंजिनावर भार टाकतो, पण तेथील विरळ हवा तो भार काही अंशी हलका करते. निर्मात्यांनी ठरविलेल्या अंकात अशा फेरफारांसाठी पुरेशी सूट ठेवलेली असते.

प्रीमियम पेट्रोलच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो. इंजिनाच्या झडपा व इंधनाची नोझले स्वच्छ ठेवणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. अशी द्रव्ये उपयुक्त आहेत यात संशय नाही. तथापि ती ऑक्टेनपासून वेगळी आहेत, आणि स्वच्छतेचा लाभ हळूहळू मिळणारा आहे. नियमित देखभाल होत असलेल्या गाडीस त्यासाठी प्रत्येक लिटरमागे वर्षभर जास्तीचे पैसे देत राहण्याची गरज नसते.

बचतीचे खरे मार्ग

ज्यास पेट्रोलची बचत करावयाची आहे, त्यासाठी अधिक खात्रीचे मार्ग उपलब्ध आहेत. टायरांतील हवा निर्मात्याने सांगितलेल्या दाबाइतकी ठेवावी. हवेची गाळणी स्वच्छ असावी, प्लग वेळेवर बदलावा, साखळीस तेल द्यावे. एकदम वेग वाढविणे व एकदम ब्रेक दाबणे टाळावे. सिग्नलपाशी अथवा रेल्वेच्या फाटकापाशी बराच वेळ थांबावे लागणार असेल, तर इंजिन बंद करावे. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत. ज्यांना पडतात, ते थोडे असतात.

पेट्रोलच्या प्रतीविषयी शंका असल्यास ग्राहकास ती पंपावरच तपासून घेण्याचा हक्क आहे. गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांच्या आत उडून जाते व डाग राहत नाही; केरोसिनसारखी भेसळ असल्यास डाग मागे राहतो. केरोसिनाने पेट्रोलचा ऑक्टेन अंक खाली येतो. म्हणून चांगल्या स्थितीतील इंजिन एखाद्या पंपावर पेट्रोल भरल्यानंतर अचानक खटखटू लागले, तर संशय भेसळीचा घ्यावा. पेट्रोलची घनता पाहण्याची तसेच पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी करून घेण्याची मागणीही ग्राहकास करता येते.

रोज कामावर जाण्यायेण्यासाठी साधी मोटारसायकल, स्कूटर किंवा छोटी मोटार वापरणाऱ्याने जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही, असे या सर्व विवेचनावरून दिसते. ज्याच्या गाडीची पुस्तिका अधिक अंक मागते, त्याने ते बिनदिक्कत द्यावेत. या दोहोंमधील निर्णय करण्यासाठी ना जाहिरातीची गरज आहे ना शेजाऱ्याच्या सल्ल्याची. गाडीची पुस्तिका उघडावी, आपल्या इंजिनाचा अंक पाहावा आणि एक महिना पेट्रोल व अंतर यांची नोंद वहीत ठेवावी. दुसऱ्या महिन्यात पेट्रोल बदलून तीच नोंद पुन्हा करावी. शाळेतील त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याही मुलास हा प्रयोग करता येईल, आणि त्याचे उत्तर त्याच्या घरच्या गाडीपुरते कोणत्याही पाटीवरील आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय असेल.